कासवाची भूमिति

भूमितीचा सिद्धांत मुखोद्गत असणें निराळें आणि त्याचें मर्म मनांत उतरणें निराळें. हें अंतर गणकयंत्राच्या साह्यानें तोडण्याचा एक संस्मरणीय प्रयत्न १९६७ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज येथें सुरू झाला. सीमोर पॅपर्ट, वॉलेस फर्झाइग व सिंथिया सॉलोमन प्रभृति मंडळींनीं मुलांकरितां 'लोगो' नांवाची आज्ञाभाषा रचिली. पॅपर्ट यांनीं त्यापूर्वीं जिनीव्हा येथें झां पियाजे यांच्यासमवेत काम केलें होतें. मूल ज्ञान आयतें घेत नाहीं, तें स्वतःच उभारतें, हा पियाजे यांचा विचार त्यांच्या मनांत रुजलेला होता.

त्या काळीं यंत्रानें प्रश्न विचारावा, मुलानें उत्तर द्यावें व यंत्रानें बरोबर-चूक सांगावें, अशीच रीत बहुधा असे. पॅपर्ट यांनीं ती उलटी केली : मुलानेंच यंत्रास शिकवावें. त्याकरितां एक यांत्रिक कासव निर्माण झालें. प्रथम तें जमिनीवर फिरे, पुढें पडद्यावर दिसूं लागलें. 'शंभर पावलें पुढें', 'नव्वद अंश उजवीकडे' अशा साध्या आज्ञा त्यास पुरत. आतां समभुज त्रिकोण काढावयाचा आहे असें समजा. पुस्तकांत कोन ६० अंशांचा, म्हणून मूल ६० अंश वळावयास सांगतें. आणि आकृति मुळीं बंदच होत नाहीं! मग तें स्वतः कासवाप्रमाणें चालून पाहतें, आणि वळण १२० अंशांचें हवें, तीन वळणें मिळून ३६० अंशांचा पूर्ण फेरा होतो, हें त्यास उमगतें.

१९८० सालच्या 'माइंडस्टॉर्म्स' या पॅपर्ट यांच्या ग्रंथानें ही आशा दूरवर पोहोंचविली. परंतु १९८४ सालीं न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजांतील रॉय पी व मिडियन कर्लंड यांनीं परीक्षा घेतली, तेव्हां वर्षभर लोगो शिकलेलीं मुलें कामाची आखणी करण्यांत इतरांहून सरस ठरलीं नाहींत. तर मग हा सारा खटाटोप व्यर्थच काय? १९८८ सालीं डेव्हिड क्लार व शॅरन कार्व्हर यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगानें निराळें उत्तर दिलें. आज्ञेंतील चूक कशी हुडकावी हें क्रमवार शिकविलें, तेव्हां मुलांनीं तें कौशल्य यंत्राबाहेरच्या लेखी सूचनांतील चुका शोधण्यांतहि वापरलें.

तात्पर्य, रेघ चुकली एवढें कासव दाखवितें. ती कां चुकली, हें विचारणारें माणूस शेजारीं असावें लागतें. मुलांकरितां घरीं शिक्षणाचीं यंत्रें घेऊं पाहणाऱ्या पालकांनीं त्यांच्या किंमतीबरोबर हा वेळेचा खर्चहि हिशेबांत धरावा.