अंगणात आलेली शाळा

शाळापूर्व तयारीचा मेळावा आला की आपल्याच पोटात गोळा येतो. २०२२ पासून हे मेळावे भरतात. सात स्टॉल मांडलेले असतात. एकावर पोराला उडी मारायला लावतात, एकावर चित्र बघून बोलायला, एकावर वस्तू मोजायला, आणि जमलं का ते विकासपत्रावर लिहितात. पोर गप्प राहिलं की आई मागून ढोसते, "सांग ना रे!" मीही ढोसलंय, खोटं कशाला बोलू?

पण आज एक जुनी गोष्ट सांगते, आपल्याच डहाणू तालुक्यातली. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा होता. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात ताराबाईंनी काम केलेलं, त्यामुळे लहान पोरं कशी शिकतात ते त्यांना ठाऊक होतं. तरी बोर्डीत गरिबांच्या वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात. कशी येणार? कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या पुढे शेळ्या. ही पोरं शाळेच्या लायकीची नाहीत, असं म्हणून कुणीही मोकळं झालं असतं. या दोघींनी शाळाच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. म्हणून ती अंगणवाडी. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं. आपण रोज घेतो ते नाव इतक्या जवळचं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरू लागली. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा जवळजवळ ठेवली, म्हणजे धाकट्याला सांभाळणारी बहीणही वर्गात बसू शकेल. महागड्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, खडे, पानं. पोराच्या हाताला जे रोज लागतं, त्यावरूनच त्याला काय येतं ते बाईंना कळायचं.

आता आपल्या जव्हार-मोखाड्याकडे या. दिवाळीनंतर वीटभट्टीला गेलेली घरं पावसाच्या तोंडावर परततात. एप्रिलच्या मेळाव्याला त्यांची पोरं नसतातच. त्यांचा रकाना कोरा राहतो, पण कोरा म्हणजे 'येत नाही' असं कुणाला धरू देऊ नका. घरी वारली नाहीतर कोकणा बोलणारं पोर पुस्तकी मराठीतल्या प्रश्नाला गप्प बसतं. तेच पोर नागली आणि वरईचे दाणे झटकन वेगळे करून दाखवेल. बाईंना म्हणा, घरच्या बोलीत एकदा विचारून बघा.

आणि पत्रावर काहीही लिहिलेलं असो, शाळेत नाव घालायला अडचण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी पोराची किंवा आईबापाची परीक्षा घ्यायला बंदी आहे. ते पत्र आपल्यासाठी आहे. माता गटात ते उघडून बसा, मोजायला अडतं तिथे चिंचोके घ्या, बोलायला अडतं तिथे गोष्टी सांगा.

जूनच्या मेळाव्याला निघताना भट्टीवरून नुकत्याच आलेल्या शेजारणीला हाक मारा. तिच्या पोराचं नाव पहिल्या स्टॉलवर लिहून होईपर्यंत तिच्याजवळ थांबा.