पुन्हा पाऊल टाकताना : कृत्रिम खुब्याची कथा

मनुष्याचे स्वातंत्र्य किती लहान गोष्टींत सामावलेले असते, हे खुबा निकामी झालेल्या व्यक्तीस विचारावे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या उखळीत सहज फिरतो, तो कूर्चेच्या गुळगुळीत आवरणामुळे. हे आवरण झिजले की हाडावर हाड घासते. प्रथम जिना अवघड होतो, मग पायमोजा चढविणे आणि अखेरीस अंथरुणात कूस बदलणेही. पूर्वी अशा रुग्णाच्या वाट्यास काठी आणि परावलंबन एवढेच उरे.

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८९० च्या सुमारास बर्लिनचे शल्यविशारद ग्लुक यांनी हस्तिदंती सांधे बनविले. १९२३ मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी काचेची वाटी बसविली. ती शरीराच्या भाराने फुटे. १९४६ पासून पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी ॲक्रिलिकचा माथा वापरला, परंतु तोही झिजू लागला.

खरे यश आले ते इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयातील जॉन चार्नली यांच्या हातून, तेही मोठ्या अपयशानंतर. घर्षण कमी व्हावे म्हणून त्यांनी धातूचा लहान माथा व टेफ्लॉनची वाटी योजिली. रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले. तथापि अल्पावधीतच टेफ्लॉन झिजले आणि त्याच्या कणांनी सांध्याभोवती दाह निर्माण केला. सुमारे तीनशे रुग्णांचा प्रश्न होता. चार्नली यांनी दोष लपविला नाही. टेफ्लॉनचा परिणाम पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि त्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे काम अंगावर घेतले.

१९६२ मध्ये एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत आला. लँकेशायरच्या कापड मागांतील चाकांसाठी वापरले जाणारे पॉलिएथिलीन त्याने दाखविले. चार्नलींनी नख रुतवून पाहिले व ते नापसंत केले. परंतु त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा यंत्रावर चढविला. तीन आठवडे अखंड घासूनही झीज नाममात्रच झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पहिली पॉलिएथिलीनची वाटी रुग्णास बसविण्यात आली. मागाच्या चाकास उपयोगी पडलेली वस्तू मनुष्याच्या चालण्याच्या कामी आली. एका सहायकाच्या चिकाटीने गुरूचा निर्णय बदलला, आणि गुरूने तो मोकळेपणाने बदलला, यातच दोघांचा मोठेपणा आहे.

१९७७ मध्ये चार्नलींना 'सर' हा किताब मिळाला. १९८२ मध्ये ते निवर्तले. २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शस्त्रक्रियेस शतकातील शस्त्रक्रिया म्हणून गौरविले.

पूर्वी रुग्णास कित्येक आठवडे पडून राहावे लागे. आज बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. तरीही शस्त्रक्रिया हा केवळ आरंभ होय. पुढील व्यायाम नेटाने करावा लागतो, आणि जमिनीवर मांडी घालून बसण्याची आपली सवय डॉक्टर सांगतील तोवर दूर ठेवावी लागते. घरातील माणसांनी उंच खुर्ची जवळ ठेवावी, धीर द्यावा. परंतु पाऊल त्याचे त्यालाच टाकू द्यावे.