पाच फण्यांचा नाग आणि खेळातले देव



दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार उभी राहते. दिवसा धानाच्या बांधीत राबणारा माणूस रात्री तोंडाला रंग लावतो आणि राजा होतो, राक्षस होतो, देव होतो. याला आपण सोंग घेणं म्हणतो. परदेशात असाच सोंगाचा एक खेळ आहे. तो रंग लावून खेळत नाहीत, टेबलाभोवती बसून खेळतात. आज त्या खेळाबद्दल आणि त्यातल्या देवांबद्दल बोलायचं आहे. हे देव कुठून आले याचा माग काढत गेलो, तर वाट आपल्या पवनीपर्यंत येऊन पोचते.

आधी खेळ समजून घेऊ. चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीच्यांपैकी कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर असं सोंग घेतो. सूत्रधार सांगतो, समोर अंधारी गुहा आहे, आतून आवाज येतोय, काय करता? खेळणारे आपापलं उत्तर देतात. मग फासे टाकायचे. दान कसं पडतं त्यावर ठरतं, वार लागला की हुकला. अशा प्रकारचा पहिला छापील खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे तळघरं आणि आग ओकणारे अजगर. पुढे कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवर जे लढाईचे आणि जादूचे खेळ आले, त्यांतल्या कितीतरी खेळांचा साचा इथूनच घेतलेला आहे. म्हणून ही गोष्ट आपल्या ओसरीवर मोबाईल घेऊन बसलेल्या पोरांचीही आहे.

सोंगाचं जग उभं करायचं तर त्यात देव लागणार. नवे देव कुठून आणायचे? खेळ रचणाऱ्यांनी जगभरच्या जुन्या कथा उघडल्या. १९७६ साली देवांचं एक पुस्तक निघालं, १९८० साली त्याहून मोठं. त्यात ग्रीसचे देव होते, इजिप्तचे होते, फिनलंडचे होते आणि भारतातलेही होते. इंद्र, अग्नी, लक्ष्मी, काली, यम. प्रत्येक देवापुढे आकडे दिलेले, म्हणजे याची ताकद इतकी, इतके वार बसले की हा पडेल. आणि प्रत्येकावर एक शिक्का मारलेला, हा चांगला, हा वाईट, हा मधला.

हा शिक्का लक्षात ठेवा. आज आम्हाला जे सांगायचं आहे ते त्याच्याभोवतीच आहे.

पहिली गोष्ट एका आईची. आजच्या इराकमध्ये पूर्वी बाबिलोन नावाचं मोठं शहर होतं. तिथले लोक नव्या वर्षाच्या सणाला जगाच्या उत्पत्तीची कथा म्हणत. ती मातीच्या सात पाट्यांवर कोरून ठेवलेली होती. त्या कथेत आरंभी फक्त पाणी होतं. गोडं पाणी म्हणजे अप्सू, तिचा नवरा, आणि खारं पाणी म्हणजे तियामात. ही सगळ्या देवांची आई. पोरांच्या गोंगाटानं अप्सू वैतागला आणि पोरांना मारून टाकू म्हणाला. तियामात भडकली. आपणच जन्माला घातलेल्यांना आपणच कसं मारायचं, असं तिचं म्हणणं होतं. पण पुढे पोरांनीच अप्सूला मारलं. मग तीही लढायला उठली आणि मार्दुक नावाच्या तरुण देवाच्या हातून मेली. त्यानं तिच्या देहाचे दोन भाग केले आणि त्यांतून आभाळ आणि धरती केली. तिच्या डोळ्यांतून युफ्रेटिस आणि तैग्रिस या दोन नद्या वाहू लागल्या.

१९७७ साली त्या खेळाचं एक पुस्तक निघालं, त्यात जगभरचे राक्षस आणि अद्भुत प्राणी दिलेले. त्यात तियामात आहे. पण कशी? पाच रंगांची पाच डोकी असलेली, दुष्ट अजगरांची राणी. पोरांच्या बाजूनं बोललेली आई गेली, डोळ्यांतून वाहणाऱ्या नद्या गेल्या. पाच डोकी जुन्या कथेत नाहीत, ती खेळानं दिली.

आता पाच डोक्यांवरून पाच फण्यांकडे येऊ, आणि इराकमधून आपल्या वैनगंगेच्या काठी. पवनीला जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे खोदकाम केलं. टेकडीच्या पोटात बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्याच्या खांबावर पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे, आणि त्याचं नाव जुन्या ब्राह्मी लिपीत लिहिलेलं आहे. तो मुचलिंद नाग. हे काम दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्या काळी बुद्धाची मूर्ती करत नसत, म्हणून नागाच्या पुढे रिकामं आसन दाखवलंय.

मुचलिंदाची कथा अशी. बुद्धाला ज्ञान झाल्यानंतर तो झाडाखाली ध्यानात बसला होता. अवेळी पाऊस आला. सात दिवस झड आणि गार वारा. तेव्हा मुचलिंद नाग आला, त्यानं बुद्धाच्या देहाला वेढे घातले आणि डोक्यावर फणा धरला. पाऊस थांबला तेव्हा वेढे सोडले आणि हात जोडून उभा राहिला. आपल्या जिल्ह्यातल्या दगडावरचा हा नाग छत्री होऊन बसलेला नाग आहे.

ज्या पुस्तकात तियामात आहे, त्याच १९७७ च्या पुस्तकात नागही आहे. नावही ‘नाग’च, आपल्याकडून उचललेलं. शरीर सापाचं, तोंड माणसाचं. त्याच्या जाती केल्या आहेत. एक जात दुष्ट, तर एक राखणदार, पवित्र जागा सांभाळणारी. म्हणजे मुचलिंदाची सावली तिथे थोडी उरली आहे. पण खेळणाऱ्या पोराला तो राखणदार पवनीत कोरलेला आहे, हे कोण सांगणार?

तिसरी गोष्ट फार लांबच्या थंड देशाची, फिनलंडची, पण ती तुम्हाला घरची वाटेल. तिथे रानाची एक देवी होती, मिएलिक्की. शिकारी तिला आळवत, आणि बायाही. उन्हाळा लागला की गायी रानात चरायला सोडत. अस्वलाची भीती असे. तेव्हा घरची बाई गाणं म्हणून रानदेवीला सांगे की माझ्या गायी सांभाळ. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन होतं, गायी सजतात, गोवारी नाचतात. त्या बाईचं मन आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. खेळातही मिएलिक्की आहे, चांगली देवी आहे. पण तिथे ती शिंगवाल्या पांढऱ्या घोड्याची आणि रानात भटकणाऱ्या योद्ध्यांची देवी झाली. गायी आणि गवळण दोन्ही सुटल्या.

तिथलीच दुसरी देवी लोविआतार. आंधळी, मृत्युदेवाची लेक, नऊ रोगांची आई. तिचं नाव जाणत्यांच्या मंत्रगीतांत येई, कारण रोगाचं मूळ सांगितलं की रोगावर ताबा येतो अशी समजूत होती. खेळात मात्र ती वेदनेची देवी झाली, दुसऱ्याला यातना देण्यात सुख मानणारी.

आपल्याकडे काय होतं, आठवा. ज्या रोगाच्या साथीत पोरं जात, त्याला आपण ‘देवी’ हेच नाव दिलं. अंगावर देवी आली म्हणायचो. लसीलाही ‘देवी टोचणं’ म्हणायचो. लसीनं तो रोग गेला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो जगातून संपल्याचं जाहीर केलं. पण गावाच्या शिवेवरची मातामाय तिथेच आहे. ती कोपते आणि तीच पोर सांभाळते. तिला ‘चांगली’ म्हणून एक शिक्का मारा, नाहीतर ‘वाईट’ म्हणून, दोन्ही चुकीचे. जुन्या बायांनी देवाला असं एका खणात बसवलं नाही. तियामात आई होती आणि लढलीही. नाग डसतो, आणि पावसात फणाही धरतो. शिक्का मारला की ही अर्धी गोष्ट कापली जाते.

तुम्ही म्हणाल, गोष्टी तर बदलतातच. बरोबर आहे. दंडारीतही सोंग दर वर्षी थोडं बदलतं. पण तिथे समोर आजी बसलेली असते. चुकलं तर ती मोठ्यानं बोलते, असं नव्हतं रे! छापलेल्या पुस्तकासमोर आणि मोबाईलसमोर ती आजी नसते. खेळ वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. पोरं खेळोत. त्या पोराशेजारी मूळ गोष्ट जाणणारं कुणीतरी बसलेलं असावं, एवढंच.

फिनलंडच्या देवी टिकल्या कशा, तेही ऐकण्यासारखं आहे. एलियास ल्योनरोट नावाचा एक डॉक्टर पायी गावोगाव फिरला, गाणाऱ्यांसमोर बसला आणि लिहून घेत गेला. त्यातून १८३५ साली ‘कालेवाला’ हा ग्रंथ निघाला, १८४९ साली तो वाढवून पुन्हा निघाला. नंतर लारिन पारास्के नावाच्या एका गरीब बाईकडून हजाराच्या वर गाणी उतरवून घेतली गेली. तिची गाणी आज तिच्या नावानं जपलेली आहेत. म्हणून खेळात देवी बदलली तरी खरी देवी कशी होती ते शोधता येतं. तियामातचंही तसंच, मातीच्या पाट्या सापडल्या म्हणून. मुचलिंदाचं तसंच, दगडावर नाव कोरलं होतं म्हणून.

आपल्या मातामायच्या गोष्टी कुठे कोरल्या आहेत? बहुतेक आजींच्या तोंडी. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बायांच्या नावासकट. आपल्या साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला. वाट आहे, चालायला आपण हवं.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेब झाला की अर्धा तास काढा. गावातल्या सगळ्यांत वयस्क बाईला बोलवा. तिला विचारा, आपली मातामाय इथे कशी आली? तिला काय चालतं, काय चालत नाही? नागपंचमीला आपण चिरत का नाही, तवा का ठेवत नाही? ती सांगेल तसं, तिच्याच बोलीत, मोबाईलवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख बोला. दोघींनी दोन तऱ्हेनं सांगितलं तर भांडू नका, दोन्ही ठेवा. तिची परवानगी असेल तर रेकॉर्डिंग आमच्याकडे आणा, आम्ही ते रेडिओवर लावू.

मोबाईल पोरांच्या हातात आहे तसा आपल्याही हातात आहे. आणि सुट्टीत पोरांना एकदा पवनीची जगन्नाथ टेकडी दाखवा. ज्याचं नाव साता समुद्रापलीकडच्या खेळात गेलं, तो नाग आपल्या मातीत कुठे सापडला, ते त्यांना जागेवर उभं राहून सांगा.