मोटारीच्या ब्रेक-डिस्कची देखभाल व बदल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात शोध आणि शोधक यांना मानाचे स्थान मिळते. परंतु शोध लागल्यानंतर ती वस्तू वर्षानुवर्षे चालती ठेवणाऱ्या कामाची नोंद क्वचितच घेतली जाते. मोटारीच्या चाकासोबत फिरणारी ब्रेकची डिस्क अथवा रोटर हे याचे बोलके उदाहरण होय. दोन्ही बाजूंनी पॅड दाबले गेले की ही तबकडी चाकाची गती रोखते आणि प्रत्येक वेळी थोडी झिजते. झिजलेली डिस्क लेथवर घासून पुन्हा वापरावी की काढून नवी बसवावी, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे. हे बदल कोणत्या कारणांनी झाले, याचा कालक्रमानुसार परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हा निर्णय केवळ तांत्रिक नव्हता. धातू, वाहनाची रचना, मजुरी, व्यापार आणि सार्वजनिक आरोग्य यांनी तो वेळोवेळी घडविला, असे या परामर्शावरून दिसून येते.

प्रारंभीचे प्रयत्न

बर्मिंगहॅमचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पातळ धातूच्या तबकडीला तांब्याच्या पॅडांनी पकडावयाचे, अशी ती रचना होती. कल्पना योग्य असली तरी धातूवर धातू घासल्याने कर्कश आवाज होई आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर पॅड लवकर झिजत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी पुढे आणलेला ड्रम ब्रेक बंदिस्त होता. धूळ व चिखल यांपासून तो बराच सुरक्षित राही. त्यामुळे पुढील अर्धशतक ड्रमचेच राहिले. देखभालीची सुलभता हा घटक तंत्राच्या निवडीत प्रथमपासूनच निर्णायक होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

ड्रमचा मोठा दोष उष्णतेचा होता. पंधराशे किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबविताना सुमारे ५ लाख ८० हजार ज्यूल एवढी ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. वेग दुप्पट झाल्यास ती चौपट होते. तापलेला ड्रम फुगून आतील शूपासून दूर जातो आणि ब्रेक क्षीण होतो. डिस्क मात्र उघड्या हवेत लवकर थंड होते आणि तापून तिची जाडी वाढली तरी ती पॅडच्या दिशेनेच वाढते.

युद्धोत्तर काळातील पुनरागमन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या चाकांसाठी डिस्क ब्रेकचा विकास झाला आणि युद्धानंतर तो मोटारींकडे वळला. अमेरिकेतील क्रॉस्ली कंपनीने १९४९ च्या सुमारास आपल्या छोट्या मोटारींना विमानी धर्तीचे डिस्क ब्रेक बसविले. परंतु हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने त्यांचे भाग गंजून अडकू लागले आणि कंपनीला अल्पावधीत ते मागे घ्यावे लागले. विमान व मोटार यांच्या देखभालीची परिस्थिती किती भिन्न असते, हे या अपयशाने दाखवून दिले.

यशाची वाट शर्यतींच्या मैदानातून गेली. डनलॉपचे डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वार सी-टाईप मोटारीने जून १९५३ मध्ये ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन या चालकांची सरासरी ताशी सुमारे १७० किलोमीटर होती. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनात सादर झालेल्या सिट्रोएन डीएस मोटारीने डिस्क ब्रेक सामान्य ग्राहकापर्यंत नेले. अमेरिकेत १९६५ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेटच्या चारही चाकांना डिस्क आल्या.

झिजेचे मोजमाप

या काळात डिस्कसाठी प्रामुख्याने करडे ओतीव लोखंड, म्हणजेच बीड, वापरले गेले. त्यातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर वाहून जाते व कंप शमतो. शिवाय हा धातू स्वस्त असून लेथवर सहज कापला जातो. या अखेरच्या गुणामुळेच डिस्क घासून वापरण्याची प्रथा रुजू शकली.

तथापि, प्रत्येक घासणीत जाडी घटते आणि पातळ डिस्क तेवढीच उष्णता सामावून घेताना अधिक तापते. ती तडकण्याचा धोकाही वाढतो. म्हणून उत्पादक किमान जाडीचा आकडा ठरवून देऊ लागले आणि तो बहुधा डिस्कवरच उमटविलेला असतो. ही मर्यादा सामान्यतः नव्या जाडीपेक्षा दोन ते तीन मिलिमीटरच कमी असते. त्यामुळे पूर्वी कारागिराच्या नजरेवर व बोटांच्या स्पर्शावर अवलंबून असलेला निर्णय मायक्रोमीटरवरील आकड्याच्या अधीन झाला.

ब्रेक दाबताच पायाखाली जाणवणाऱ्या थरथरीबाबतचा समजही असाच बदलला. 'डिस्क वाकली' हे तिचे रूढ स्पष्टीकरण होय. प्रत्यक्षात पुष्कळदा डिस्कच्या जाडीत मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांइतका फरक पडलेला असतो किंवा पॅडचा थर तिच्यावर असमान चिकटलेला असतो. हबवरील गंज न काढता नवी डिस्क बसविली तर ती किंचित डुलत फिरते आणि काही हजार किलोमीटरनंतर जाडीतील हा फरक निर्माण करते. म्हणूनच हब स्वच्छ करणे, डायल गेजने डोल तपासणे, संरक्षक तेलाचा थर पुसणे, एका आसावरील दोन्ही डिस्क एकत्र बदलणे आणि चाकाचे नट सारख्या जोराने आवळणे यांना देखभालीत महत्त्व प्राप्त झाले.

घासण्याकडून बदलण्याकडे

१९६० व १९७० च्या दशकांतील अनेक मागील-चाक-चालित मोटारींत पुढची डिस्क व हब एकसंध असत. डिस्क बदलावयाची म्हणजे बेअरिंगही काढावे लागे. साहजिकच घासणे स्वस्त पडे. पुढील-चाक-चालित मोटारींचा प्रसार झाल्यावर हबवर नुसती सरकवून बसणारी डिस्क रूढ झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर वाहनाचे वजन घटविण्याकडे कल वाढला आणि डिस्कही हलक्या झाल्या. घासण्यास पूर्वीइतका धातू उरला नाही.

यात व्यापाराची भर पडली. चीनमधील ओतशाळांतून स्वस्त डिस्क येऊ लागल्या. १९९७ मध्ये अमेरिकेने चिनी डिस्कवर डंपिंगविरोधी शुल्क लावले. ते पुढे मागे घेण्यात आले. नव्या डिस्कची किंमत उतरत गेली, कारागिराच्या तासाचे मोल मात्र वाढत गेले. ज्या देशांत मजुरी महाग होती तेथे लेथ मागे पडला.

भारतात ही प्रक्रिया निराळ्या गतीने घडली. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला दीर्घकाळ चारही चाकांना ड्रमच होते. शूवर नवे लायनर रिव्हेटने ठोकणे व ड्रम लेथवर कातून घेणे हे काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या देखभालीचे नित्याचे अंग होते. डिस्क ब्रेक सार्वत्रिक झाले तेव्हा ड्रमसाठी घडलेले हे कौशल्य डिस्ककडे वळले. जेथे मजुरीपेक्षा सुटा भाग महाग असतो तेथे दुरुस्ती टिकते, हा सर्वसामान्य नियम येथेही लागू पडतो. धोका एवढाच, की किमान जाडी न मोजता केलेली काटकसर सुरक्षिततेच्या मुळावर येऊ शकते.

कारागीर आणि धूळ

पॅड व लायनर यांत अनेक दशके ॲस्बेस्टॉस वापरले गेले. संकुचित हवेच्या झोताने ब्रेक साफ करण्याच्या पद्धतीमुळे त्याची धूळ थेट कारागिरांच्या श्वासात जाई. अमेरिकेत १९८९ मध्ये घातलेली व्यापक बंदी १९९१ मध्ये न्यायालयाने बहुतांशी रद्द ठरविली. क्रायसोटाईल प्रकाराविरुद्धचा नियम २०२४ मध्ये झाला. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशाद्वारे सदस्य राष्ट्रांना बंदीसाठी १ जानेवारी २००५ ही मुदत दिली होती.

धुळीचा प्रश्न आता डिस्कपर्यंत आला आहे, कारण ब्रेकच्या धुळीत डिस्कच्या लोखंडाचाही मोठा वाटा असतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या युरो-७ नियमांत ब्रेकच्या कणांवर प्रथमच मर्यादा आली. पेट्रोल व डिझेल मोटारींसाठी ती प्रतिकिलोमीटर ७ मिलिग्रॅम, तर विद्युत मोटारींसाठी ३ मिलिग्रॅम आहे. कठीण लेपाच्या डिस्क हा त्यावरील एक उपाय. परंतु कातल्यास लेपच जाणार असल्याने अशा डिस्क लेथवर घासून वापरता येत नाहीत.

विद्युत मोटारीत मोटरच बराचसा वेग शोषून घेते. परिणामी डिस्क झिजण्याऐवजी वापराअभावी गंजते. फोक्सवॅगनने आयडी-३ या विद्युत मोटारीच्या मागील चाकांसाठी पुन्हा बंदिस्त ड्रमच स्वीकारला. लँचेस्टर यांच्या काळी ज्या गुणामुळे ड्रम सरस ठरला होता, त्याच गुणाची शतकानंतर पुन्हा गरज भासली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, डिस्क टिकविणे वा बदलणे हा निर्णय कधीही निव्वळ यांत्रिक नव्हता. हबची रचना, बिडाचा भाव, तासाची मजुरी व हवेतील धूळ यांनी तो आपापल्या परीने घडविला. या वाटचालीत सुरक्षिततेचे मोजमाप अचूक झाले, ही निश्चितच प्रगती होय. मात्र दुरुस्तीचे कौशल्य आक्रसत गेले आणि कारागिराच्या आरोग्याची दखल सर्वांत उशिरा घेतली गेली. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधकाच्या पेटंटाइतकेच लेथवर उभ्या असलेल्या माणसाकडेही लक्ष देणे म्हणूनच आवश्यक ठरते.