‘जी’ बदलतो का?

न्यूटनचा गुरुत्वस्थिरांक ‘जी’ खरोखर स्थिर आहे का, ही शंका १९३७ साली पॉल डिरॅक यांनी काढली. विश्वाचे वय वाढेल तसा तो घटत असावा, असे त्यांचे म्हणणे. पण हा बदल प्रयोगशाळेत दिसेपर्यंत थांबायला आयुष्य कुणाला पुरणार? १९४८ मध्ये एडवर्ड टेलर यांनी पृथ्वीलाच साक्षीला बोलावले. सूर्याचे तेज ‘जी’च्या सुमारे सातव्या घाताने वाढते, म्हणजे पूर्वी ‘जी’ मोठा असता तर समुद्र उकळायला आले असते, आणि खडकांत तर त्या काळातल्या जीवांचे ठसे आहेत! विश्वाचे वय तेव्हा फार कमी धरले जाई, त्यामुळे ही साक्ष पुढे ढिली पडली. ‘जी’ची अशी झडती निसर्गातल्या पुराव्यांवर घ्यायची रीत मात्र पडली.

कोल्हापुरात जन्मलेले, बनारसला वाढलेले जयंत नारळीकर पंचविशीत होते. जून १९६४ मध्ये त्यांनी आणि फ्रेड हॉइल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत गुरुत्वाचा नवा सिद्धांत मांडला. आधार माखच्या कल्पनेचा: वस्तूचे वस्तुमान तिचे एकटीचे नाही, ते विश्वातल्या बाकी द्रव्यामुळे येते. अर्धे विश्व काढून घेतले तर ‘जी’ वाढून सूर्य शंभरपट तळपेल, असे त्यातून निघे. वर्तमानपत्रांना आणखी काय हवे! सभेत मात्र स्टीफन हॉकिंग नावाच्या विद्यार्थ्याने हरकत घेतली: प्रसरण पावणाऱ्या विश्वात बाकी द्रव्याच्या या परिणामांची बेरीज अनंत होते. दुर्बिणीला हात न लावता सिद्धांत विश्वापुढे अडला.

या सिद्धांताच्या सत्तरच्या दशकातल्या सुधारित रूपात ‘जी’ वर्षाला साधारण हजार कोटींत एक भाग घटायला हवा होता. १९८० मध्ये नारळीकरांनी भौतिकशास्त्रज्ञ कानुटो यांच्यासह तो सिद्धांत आकाशगंगांवर पडताळायला घेतला: ताम्रसृतीनुसार त्यांचे तेज आणि आकार कसे बदलावेत, हे मांडून निरीक्षणांशी ताडले. आपल्याच सिद्धांताची अशी झडती घेणारा हा लेख मला १९६४च्या गाजावाजाहून मोलाचा वाटतो.

निकाल जवळूनच आला. अपोलो ११ने १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर मारून मोजमापे होत गेली, आणि बदल असलाच तर वर्षाला लाख कोटींत एका भागाहून कमी, असे ठरले.

दूरची परीक्षा थांबली नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून आलेल्या गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण यांच्यात फक्त १.७ सेकंदांचे अंतर पडले. लहरींचा वेग प्रकाशाहून वेगळा मानणारे गुरुत्वाचे कितीतरी सिद्धांत एका दिवसात बाद झाले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ती सुरू झाली की अशा लहरींचे स्रोत आकाशात नेमके कुठे आहेत, हे अधिक अचूक सांगता येईल.