काष्टीची छपरे आणि बाजारतळ

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यात वसलेले श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. मात्र त्याच्या वास्तूंविषयी सहसा कोणी लिहीत नाही. याचे कारण उघड आहे. जवळच भीमेच्या काठी पेडगावचा बहादूरगड आणि तेथील कोरीव मंदिरे आहेत, तालुक्याच्या गावी, म्हणजे पूर्वीच्या चांभारगोंद्यात, शिंदे घराण्याच्या आठवणी आहेत, आणि इतिहासलेखकाची पावले साहजिकच तिकडे वळतात. काष्टीसारख्या गावाचा इतिहास मात्र तट-बुरुजांत शोधून सापडत नाही. तो घरांच्या छपरांत, ओट्यांत, रस्त्याकडे फिरलेल्या दारांत आणि मुख्य म्हणजे बाजारतळाच्या मोकळ्या जागेत वाचावा लागतो, आणि तसा वाचला तर तो कोणत्याही गढीच्या इतिहासाइतकाच भरीव ठरतो.

सामान्य घरांवरून इतिहास वाचण्याचा भारतातील एक अत्यंत मोलाचा प्रयोग या परिसराच्या शेजारीच झाला, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. घोडच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखालील या कामात ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड अशी दोन्ही प्रकारची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या, शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडे पडले. इसवी सनपूर्व 1400 ते 1000 या आद्य जोर्वे काळातील, म्हणजे जोर्वे नावाच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या सुरुवातीच्या टप्प्यातील, घरे चौकोनी, ऐसपैस आणि बुटक्या मातीच्या भिंतींची होती. त्यानंतरच्या उत्तर जोर्वे काळात त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. ढवळीकरांनी या बदलाचा संबंध घटत्या पावसाशी आणि शेतीच्या उतरत्या कळेशी जोडला. तेथे राजवाडा नव्हता, शिलालेख नव्हता. घराचा आकार, धान्याची कणगी ठेवण्याचे गोल ओटे आणि जमिनीत खणलेली पेवे एवढ्याच पुराव्यावर सुमारे नऊशे वर्षांचा ग्रामीण जीवनक्रम उभा राहिला. जी पद्धत तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीला लागू पडते, ती गेल्या दीडशे वर्षांतील गावाला लागू पडू नये असे काही नाही.

या मुलखातील जुन्या गावांची रचना दोन शब्दांनी सांगितली जाते. ‘काळी’ म्हणजे पिकाऊ जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. शतकानुशतके मातीची घरे बांधली गेली, पडली आणि त्यांच्याच ढिगाऱ्यावर पुन्हा बांधली गेली, त्यात चुलीची राख आणि गोठ्याचा केर मिसळत गेला, आणि त्यातून गावाखालची जमीन फिकट व उंच झाली. पांढरीची ही माती पुन्हा घराच्याच कामी येई. पावसाळ्यापूर्वी छपरावर तिचा नवा थर देण्याची रीत होती आणि त्यासाठी ओसाड पडलेल्या जुन्या वस्त्यांची टेकाडे खणली जात. अशा खणण्यातून दख्खनमधील अनेक प्राचीन स्थळांचे नुकसान झाले. मातीच्या घराचा इतिहास हा असा आपल्याच पोटातले पुरावे खात पुढे सरकलेला आहे.

ज्या छपरासाठी ही माती लागे त्याला माळवद किंवा धाबे म्हणतात. भीमा-घोडच्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात पाऊस कमी आणि ऊन कडक असल्याने उतरत्या छपराऐवजी सपाट छप्पर सोयीचे ठरले. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर अगदी खेटून बसवलेले किलचे, म्हणजे लाकडाच्या आखूड फाकी, त्यावर पाला किंवा तुराट्या, त्यावर चिखल आणि सर्वांत वर ठोकून बसवलेली पांढरी माती, असा त्याचा क्रम असे. कडेला पन्हळी ठेवून पाणी बाहेर काढले जाई आणि मधोमध ठेवलेल्या झरोक्यातून उजेड आत व धूर बाहेर जाई. घराचे माप चौरस फुटांत नसून खणांत होते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि तुळईला मिळणाऱ्या लाकडाची लांबी हीच त्या घराची मर्यादा. हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींमुळे वैशाखातही आतला सोपा थंड राही. हे छप्पर केवळ आच्छादन नव्हते: तेथे कडधान्य, मिरच्या आणि सांडगे वाळत, उन्हाळ्यात माणसे झोपत, आणि भिंतीला भिंत लागून असल्याने बायका एका घरून दुसऱ्या घरी रस्त्यावर न उतरता जाऊ शकत. मात्र माळवद कायम मशागत मागते. तीन-चार पावसाळे कोणी वर चढून गवत उपटले नाही, माती ठोकली नाही, तर किलचे कुजतात आणि घर आतूनच खचते. म्हणूनच माळवद हे एकत्र कुटुंबाचे आणि घरच्या हाताला हात असण्याचे छप्पर होते, आणि त्याच्या ऱ्हासाचे एक महत्त्वाचे कारण साहित्याच्या टंचाईपेक्षा कुटुंबाच्या वाटण्यांत शोधावे लागते. चौकाच्या मध्यातून घातलेली वाटणीची भिंत, अर्ध्या भागावर माळवद आणि उरलेल्या अर्ध्यावर पत्रा, हे दृश्य या तालुक्यातील गावठाणांत जागोजागी दिसते.

काष्टीच्या बाबतीत पहिला मोठा धक्का बाहेरून आला तो रेल्वेचा. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्यावरून 1860 पर्यंत सोलापूरला पोहोचली होती. तिच्यावरील दौंड आणि ईशान्येकडच्या मार्गावरील मनमाड यांना जोडणारा दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये, म्हणजे दख्खनच्या भीषण दुष्काळाच्या पाठोपाठ, खुला झाला. दौंडहून निघून भीमा ओलांडली की हा मार्ग श्रीगोंदा तालुक्यात शिरतो आणि त्यावर काष्टीला स्थानक मिळाले. गावाच्या दृष्टीने याचा अर्थ दुहेरी होता. धान्य, भुसार आणि जनावरे बाहेर जाण्याची वाट झाली. त्याचबरोबर बाहेरचे बांधकामाचे साहित्य आत येऊ लागले. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यापासून दख्खनमध्ये पसरलेली मंगलोरी कौले आणि त्यांच्या मागोमाग आलेले जस्ताचा मुलामा दिलेले नालीदार पत्रे ही रेल्वेयुगाचीच देणगी आहे. पत्र्याने घर उन्हाळ्यात तापते, पावसात त्याच्या आवाजाने बोलणे ऐकू येत नाही, तरीही पत्रा जिंकला, कारण तो दोन दिवसांत चढतो, वर्षानुवर्षे मशागत मागत नाही आणि घर बदलताना काढून नेता येतो.

तथापि काष्टीची खरी ओळख ठरवणारी ‘वास्तू’ कोणत्याही छपराखाली नाही. ती आहे बाजारतळ. मराठी मुलखात बाजाराच्या गावाला ‘पेठ’ म्हणत आणि पेठेत शेटे व महाजन हे वतनदार बाजाराची व्यवस्था पाहत. साध्या खेड्यातील आठवडे बाजाराला मात्र एवढा पसारा लागत नसे, एक वार ठरलेला असला आणि पाण्याची सोय असली की पुरे. जनावरांच्या बाजाराला याहून अधिक काही लागते. कळपासह माणसाला मुक्काम करता येईल अशी मोकळी जागा, जनावराची चाल पाहता येईल एवढा पल्ला, वैरण, पाणी आणि चहूकडून येणाऱ्या वाटा, या गोष्टी एकत्र असाव्या लागतात. पुणे, नगर, सोलापूर आणि बीड या चारही जिल्ह्यांकडून सोयीचे पडणारे काष्टी या कसोटीला उतरले. बाजार समित्यांचा कायदा 1963 मध्ये झाल्यानंतरच्या व्यवस्थेत येथील बाजार श्रीगोंदा कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार म्हणून चालतो. त्यामुळे कुंपण, पाण्याचे हौद, पावती फाडण्याची जागा आणि ट्रक-टेम्पोत जनावर चढवण्यासाठीचा धक्का, अशी बेताचीच बांधकामे बाजारतळाला लागतात. बाकी सारे मोकळे ठेवणे हेच तेथील स्थापत्य.

या मोकळ्या जागेतील व्यवहार इतका नेमका आहे की त्याची नोंद व्हायला हवी. बैलाचे वय दातांवरून ठरते: दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन कायमचे दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, सहा आलेला सहादाती आणि आठही दात आलेला तो जुळलेला. गिऱ्हाईक जबडा उघडून पाहते, मग खुरे, वशिंड, शिंगांची ठेवण आणि शेपटीचा गोंडा पाहून बैल चालवून बघते. भाव मोठ्याने बोलला जात नसे. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घेऊन बोटे दाबून आकडा सांगत, जेणेकरून शेजारच्या दावणीला तो कळू नये. सौदा ठरला की विसार दिला जाई आणि दावे हातात पडे. आज मोबाइलवरून पैसे दिले जातात, परंतु दात पाहिल्याशिवाय सौदा होत नाही.

बाजाराच्या चढउताराला गावाच्या भोवतालच्या शेतीने दिशा दिली. घोड नदीवर चिंचणी येथे 1960च्या दशकात धरण झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी श्रीगोंदा तालुक्यात आले. पुढे कुकडी प्रकल्पाच्या पाण्याची भर पडली. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला आणि तालुक्यात सहकारी साखर कारखाने निघाले. गावच्या रचनेवर याचा परिणाम दुष्काळापेक्षाही खोल झाला, असे म्हणावे लागते. कालव्याखालच्या शेताला राखण लागते, रात्री-अपरात्री पाण्याची पाळी येते, मोटार चालू करावी लागते. म्हणून शेतकरी गावठाण सोडून मळ्यात राहायला गेला. प्रत्येक मळ्यावर वस्ती झाली, वस्तीला शाळा आणि दूध संकलन केंद्र आले, आणि वेशीच्या आतली घरे म्हातारी माणसे, भाडेकरू किंवा कुलपे यांच्या स्वाधीन झाली. दुष्काळात गाव सोडून गेलेली माणसे पाऊस पडल्यावर परतली होती. पाण्यामुळे बाहेर गेलेली परतली नाहीत.

उसाने बाजाराचेही वेळापत्रक बदलले. गाडीवान ऊसतोड कामगार हंगामाच्या तोंडावर बैलजोडी घेतो आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की अनेकदा ती विकतो, त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास मागणी आणि उन्हाळ्यात आवक असा झोका पडत गेला. ट्रॅक्टरने औतकाठीच्या बैलाची गरज घटवली, तर दुधाच्या धंद्याने संकरित गाईंची दावण वाढवली. मार्च 2015 मध्ये लागू झालेल्या गोवंश हत्याबंदीच्या सुधारित कायद्यानंतर भाकड आणि थकलेल्या बैलांना गिऱ्हाईक उरले नाही. उलट डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यावर उमद्या खिलार खोंडांना पुन्हा मागणी आली. करोनाच्या टाळेबंदीत आणि सप्टेंबर 2022 मध्ये लम्पी त्वचारोगाच्या साथीत जनावरांचे बाजार बंद राहिले, आणि ज्या गावाचा शनिवार बाजारावर चालतो त्या गावातील चहाची टपरी, खानावळ, टेम्पो, कासरे-घुंगरांची दुकाने हे सारे किती एका धाग्यात ओवलेले आहे, हे तेव्हा लख्ख दिसले.

स्लॅबचा, म्हणजे सळई-काँक्रीटच्या सपाट छताचा, प्रसार माळवद, कौले आणि पत्रे या सगळ्यांहून अलीकडचा आहे. 1980च्या दशकापर्यंत सिमेंट नियंत्रित होते, परवाना मिळवावा लागे आणि खेड्यातल्या माणसासाठी ते सोपे नव्हते. 1982 मध्ये नियंत्रण अंशतः आणि 1989 मध्ये पूर्णपणे उठल्यावर सिमेंट तालुक्याच्या दुकानात मिळू लागले. उसाचे आणि दुधाचे पैसे आणि मोकळे सिमेंट यांची गाठ पडून स्लॅब आला. तो आकाराने माळवदाचाच वारस आहे, कारण त्यावरही मिरच्या वाळतात आणि माणसे झोपतात; फरक भिंतींत आहे. सहा किंवा नऊ इंची विटेच्या भिंतीत तो थंडावा नाही, आणि स्लॅबखालच्या खोलीत रात्री दहा वाजताही उकडते. ही हानी खरी आहे आणि ‘प्रगती’ या एका शब्दाखाली ती झाकून टाकणे योग्य नव्हे. त्याचबरोबर गळक्या माळवदाखाली पावसाळा काढलेल्या बाईला स्लॅब का हवा होता, हेही समजून घेतले पाहिजे.

दुसरा बदल दिशेचा आहे. जुने घर चौकाकडे तोंड करून बसलेले असे. रस्त्याच्या बाजूला एक दार आणि ओटा, एवढाच त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध. नगर-दौंड रस्त्यावरची वर्दळ वाढत गेली तसे बांधकाम रस्त्याकडे तोंड करून उभे राहू लागले. खाली लोखंडी शटरचे गाळे, वर राहती जागा आणि पुढे पत्र्याची शेड, असा नवा नमुना रूढ झाला. खतांची दुकाने, पतसंस्था, मोटार दुरुस्ती, हॉटेले यांनी रस्त्याच्या दोन्ही कडा धरल्या. ओटा गेल्याने संध्याकाळी बसण्याची जागाही गेली, आणि ते बसणे आता टपरीवर किंवा पतसंस्थेच्या पायऱ्यांवर होते.

या बदलांचा एक लेखी पुरावा प्रत्येक ग्रामपंचायतीत पडून असतो, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8, म्हणजे कर आकारणी नोंदवही, घरपट्टीसाठी प्रत्येक मिळकतीचे माप आणि बांधकामाचा प्रकार नोंदवते: झोपडी किंवा मातीचे घर, दगड-विटांचे पण मातीत बांधलेले, चुना किंवा सिमेंटमध्ये बांधलेले, आणि आरसीसी. आकारणी ठरावीक वर्षांनी नव्याने होत असल्याने जुन्या वह्या क्रमाने लावल्या तर एखाद्या गल्लीत मातीचे घर कोणत्या दशकात संपले, कोणते घर भावांत तीन ठिकाणी फुटले, कोणता गोठा गाळा झाला, हे ओळीने वाचता येते. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमापासूनच्या या वह्या वाळवी आणि ओल यांच्या तावडीत आहेत. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. त्यात हद्द आणि क्षेत्र अचूक येते, पण वरून घेतलेल्या चित्रात माळवदाखालचे खण, सर आणि किलचे येत नाहीत. उभ्या असलेल्या मोजक्या माळवदांचे माप, त्यांची लाकडे कोणती, झरोका कोठे, पन्हळ कोणत्या बाजूला, हे टिपून ठेवण्याचे काम गावातील शाळा-महाविद्यालयांतले विद्यार्थी एका उन्हाळ्यात करू शकतील, आणि माळवद घालणारे सुतार व ते ठोकणारी माणसे अजून हयात असेपर्यंतच ते होणे शक्य आहे.