खानेसुमारींतील मूळ शब्द व लाविलेला वर्ग

जुना कागद हातीं आला म्हणजे तो अस्सल कीं नक्कल, हें संशोधक प्रथम पाहतो. नक्कल असल्यास ती कोणीं केली व करितांना काय गाळलें, हा दुसरा प्रश्न. खानेसुमारीच्या आंकड्यांस मात्र ही कसोटी क्वचितच लाविली जाते. छापील कोष्टकांतील आंकडा आपण अस्सल समजतों. वस्तुतः तो नकलेचीही नक्कल असतो. घरच्या माणसानें उच्चारलेला शब्द, प्रगणकानें लिहिलेला शब्द, कचेरींत ठरलेला वर्ग आणि शेवटीं बेरीज, अशा चार पायऱ्या त्यामागें असतात. या लेखांत जातीच्या रकान्यापुरता त्यांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९०१ च्या खानेसुमारीपासून हिंदुस्थानांत चिठ्ठ्यांची पद्धति सुरू झाली. प्रत्येक माणसाची माहिती मूळ पुस्तकांतून एका चिठ्ठीवर उतरावयाची आणि चिठ्ठ्यांचे ढीग लावून ते मोजावयाचे, असा हा क्रम. निरनिराळ्या धर्मांसाठीं निरनिराळ्या रंगांच्या चिठ्ठ्या असत. म्हणजे नकलकारानें चिठ्ठी उचलली त्याच क्षणीं धर्माचा वर्ग ठरून जाई. जातीचें नांव चिठ्ठीवर लिहिलें जाई व तें कोणत्या ढिगांत टाकावयाचें याचा निर्णय कचेरींत होई. कोष्टकें छापून निघालीं. तीं आज ग्रंथालयांत मिळतात. ज्या चिठ्ठ्यांवर मूळ शब्द होते त्या मात्र राहिल्या नाहींत. त्यामुळें अमुक कुटुंबानें सांगितलेलें नांव कोणत्या जातींत मिळविलें गेलें, हें पडताळण्याचा मार्गच बंद झाला.

१९३१ च्या खानेसुमारींत ४,१४७ जाती दाखविल्या आहेत. सर्व जातींचे आंकडे प्रसिद्ध झालेली ती अखेरची खानेसुमारी. त्यानंतर २०११ सालीं सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणना झाली. हातांतील यंत्रावर उत्तरें भरलीं गेलीं, परंतु सर्व जातींची प्रमाण यादी आधीं केलेली नव्हती. परिणाम असा कीं, जातींचीं ४६ लक्षांहून अधिक नांवें जमलीं, हें केंद्र सरकारनें सप्टेंबर २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत दिलेल्या प्रतिज्ञापत्रावरून कळतें. महाराष्ट्रांत अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग मिळून ४९४ जाती याद्यांत असतां, गणनेंत ४,२८,६७७ नांवें निघालीं. त्यांपैकीं शेंकडा ९९ हून अधिक नांवांखालीं शंभरांहूनही कमी माणसें होतीं. मलबारांतील माप्पिळा हें एकच नांव चाळीस प्रकारें लिहिलें गेलें होतें.

ऐशीं वर्षांत जाती हजारपटीनें वाढल्या, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु १९३१ चा आंकडा तेवढा शुद्ध व २०११ चा निव्वळ गोंधळ, हें मतही आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. पहिला आंकडा वर्गीकरणानंतरचा, तर दुसरा वर्गीकरणापूर्वींचा आहे. एकाचा निकाल हातीं आहे, पण पुरावा नाहीं. दुसऱ्याचा पुरावा जमला आहे, पण निकाल झालेला नाहीं आणि तो पुरावाही अद्याप प्रसिद्ध नाहीं. या दोहोंची तुलना एकाच तराजूंत करणें हीच मूळ चूक होय.

जात विचारली असतां कोणी पोटजात सांगतो, कोणी कूळ, कोणी धंदा, तर कोणी आडनांव. रकान्यांत ‘देशमुख’ असा शब्द आला, असें समजा. देशमुखी हें वतन. तें मराठ्यांकडे होतें, ब्राह्मणांकडे होतें, प्रभूंकडे होतें, मुसलमान घराण्यांकडेही होतें. आजूबाजूची बहुसंख्या पाहून कारकुनानें वर्ग लावून टाकिला आणि मूळ शब्द पुसला, तर अंदाज होता तो पुढच्या पिढीस पुरावा म्हणून दिसूं लागेल.

यासाठीं उत्तरें संगणकांत उतरवितांना चार रकाने निराळे ठेवावे, असें आमचें मत आहे. पहिल्यांत लिहिलेला शब्द जसाच्या तसा, अशुद्ध असल्यास अशुद्धच; दुसऱ्यांत त्याचें प्रमाण रूप; तिसऱ्यांत वर्गाचा अंक; आणि चौथ्यांत तो वर्ग कोणत्या नियमानें लाविला याचा शेरा. ‘उत्तर दिलें नाहीं’, ‘निर्णय होत नाहीं’ व ‘इतर’ हे तीन वर्ग एकांत एक मिसळूं नयेत. पहिला रकाना कोणींही, कोणत्याही कारणानें, दुरुस्त करूं नये. चिठ्ठ्यांच्या काळीं इतकें जतन करणें जागेच्या व श्रमाच्या दृष्टीनें कठीण होतें. आज ती सबब उरलेली नाहीं.

ही रीत आपणांस अपरिचित नाहीं. मोडी पत्र छापतांना मूळ मजकूर एका ठिकाणीं व संपादकाची टीप निराळ्या ठिकाणीं देण्याचा पाठ साधनग्रंथांच्या संपादकांनीं केव्हांच घालून दिला आहे. एका शब्दाचें मोल किती असतें तेंही नुकतेंच दिसलें. जुन्या दफ्तरांतील ‘कुणबी’ या नोंदी शोधण्यासाठीं महाराष्ट्र सरकारला २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमावी लागली. नोंद ज्या शब्दांत झाली तो शब्द टिकला होता, म्हणूनच हा शोध शक्य झाला.

आगामी खानेसुमारींत जात नोंदण्याचा निर्णय केंद्र सरकारनें ३० एप्रिल २०२५ रोजीं जाहीर केला. वर्ग काळाबरोबर बदलतील, याद्या बदलतील, नियमही बदलतील. आणि प्रत्येक बदलाच्या वेळीं लोकांनीं मूळांत काय सांगितलें होतें हें पाहण्याची गरज पडेल. तें पाहतां येईल अशी तजवीज आज झाली नाहीं, तर पुढील संशोधकाच्या हातीं पुन्हां बेरीज तेवढी उरेल.